नवरदेवाची दमणी थांबेना

तुम्ही चहा घ्या, तोवर माझी फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतर कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच!

भाच्याचं लग्न होतं, बडनेऱ्यापलीकडच्या एका गावात. तिकडे मोटार जात नव्हती, म्हणून दोन दमण्या, म्हणजे माणसं नेणाऱ्या हलक्या बैलगाड्या, जुंपल्या. पुढच्या दमणीत वडीलधारी मंडळी, मागच्या दमणीत नवरदेव आणि त्याचा मामा, म्हणजे मी. आता बैलांची खोड तुम्हाला ठाऊकच आहे. मागची जोडी फार जवळ गेली की नवरदेव धूळ खातो, मागे पडली की पुढच्यांना खोळंबावं लागतं. मग अंतर सारखं राहायला नको?

घरच्या घरी यंत्रं जुळवायची मला हौस. दोन्ही दमण्यांमध्ये मी दोरी बांधली. ती ताणली की आमच्या बैलांना आपोआप टोचणी लागे. सैल पडली की एक धोंडा खाली येऊन कासरा ओढी. वेग, अंतर, सगळं दोरी पाहणार! आमची दमणी हाकणाऱ्या धुरकऱ्याला मी रुबाबात पुढच्या दमणीत पाठवून दिलं.

आणि खरं सांगतो, मांडवापर्यंत काम झकास झालं.

पुढची दमणी मांडवाशी थांबली, आम्हीही थांबलो. मंडळी उतरली. नवरदेवाला मात्र भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय उतरता येत नाही. आमची दमणी दाराशी यावी म्हणून पुढचा धुरकरी जरा सरकला. आम्हीही सरकलो. त्यानं वळून पाहिलं, तर आम्ही पाठीशीच. जागा कमी पडली असं समजून बिचारा आणखी पुढे गेला. आम्हीही गेलो! सासूबाई ताट घेऊन मागेच राहिल्या. मी ओरडत होतो, पण वाजंत्रीपुढे माझं कोण ऐकतो? ताणलेली गाठही सुटेना.

मुहूर्त टळायला आला. वधूपित्याला वाटलं, जावई रुसला. तो भला माणूस फेटा सावरत दमणीसोबत धावू लागला. आधी घड्याळ कबूल केलं, वेशीपाशी सायकल, आणि ओढ्याशी येईतो रेडिओवर आला होता. लेकीचं लग्न मोडतं की काय, या धास्तीनं त्याचे डोळे भरून आले होते.

"जवाईबुवा, काहून रुसले जी? काय पाह्यजे तुमाले, सांगा तरी."

भाचा हात जोडून म्हणाला, "मले काईच नाई पाह्यजे जी. फक्त ह्या मामाले खाली उतरवून घ्या."

लगेच मागून धावत आलेल्या चौघांनी बैल धरले. नवरदेवाची मागणी इतक्या तत्परतेनं पुरी झालेली मी उभ्या वऱ्हाडात पाहिली नाही.