आजोबांचा म्हणून आणलेला कॅट

छापखान्यात कागद कापण्याच्या यंत्रावर हयात घालवलेल्या बाईला सगळी गल्ली एक्काकाकू म्हणायची. जुन्या पत्त्यांचा कॅट हातात आला की त्या आधी इस्पिकचा एक्का शोधत, म्हणून हे नाव. भंगारवाल्यांकडून जमवलेल्या कॅटांनी त्यांची दोन कपाटं भरली होती. नवरा म्हणायचा, "घरात चौथा भिडू मिळत नाही, आणि गुलाम बघावेत तर पलटणभर!"

एके दिवशी शाळेच्या बसचा ड्रायव्हर पत्र्याची डबी घेऊन आला. त्याचे आजोबा जहाजावर आचारी होते आणि त्याचे वडील रांगत होते तेव्हाच आजोबा वारले होते. त्यांचा हा कॅट काचेच्या चौकटीत, फोटोशेजारी लावायचा होता.

"फक्त किती जुना ते सांगा, काकू."

काकूंनी भिंग लावलं. एक्क्याच्या तळाशी बारीक अक्षरात कारखान्याचा पत्ता होता. त्या हसल्या. "पत्त्यावरचा पत्ता कधी खोटं बोलत नाही." मग त्यांचं हसू मावळलं. पत्त्यात टपालाचा विभाग क्रमांक होता, आणि असे क्रमांक आले ते आजोबा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

समोरचा माणूस डोळ्यांत प्राण आणून बघत होता. 'असेल त्यांचाच' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण काकूंची जीभ रेटेना.

"हा कॅट तुमच्या आजोबांनी पाहिलेलाच नाही," त्या हळूच म्हणाल्या आणि कारण दाखवलं.

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे बाबांनी मला थाप मारली?"

"त्यांनाही ठाऊक नसेल. थांबा जरा, कॅट तर भरपूर खेळलेला आहे." काकू एकेक पत्ता उजेडात तिरका धरू लागल्या. "वाटताना आपण कॅट डाव्या हातात धरतो, डाव्या अंगठ्याने पत्ता सरकवतो. इथे झीज उलट्या कोपऱ्यांना आहे. घरात डावखुरं कोण होतं?"

"आजी. पण ती पत्त्यांना शिवायचीसुद्धा नाही. दिवसभर शिलाईमशीनवर असायची, फार कडक बाई."

काकूंनी किलवरची सत्ती पुढे केली. मूळ पत्ता हरवला असावा. ही पुठ्ठा कापून, शाईने रंगवून केलेली होती. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ होती.

त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं. "आजीचा सात असाच असायचा. कपड्यांवर खडूने मापं लिहायची ना." मग म्हणाला, "दुपारी दार लावून घ्यायची ती. डोकं दुखतंय, म्हणायची. आम्ही पोरं चवड्यांवर चालायचो."

मग त्याचे खांदे गदगदू लागले. काकूंना वाटलं रडतोय. पण तो हसत होता, डोळे पुसत.

"एकटी काय खेळत असेल हो?"

"ते काही पत्ते सांगत नाहीत. पण एकट्याचा एक डाव मला येतो. बसा, मांडून दाखवते."

काकूंनी टेबलावर रांगा लावल्या. चौकटीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पहिलाच डाव अडला, तेव्हा त्याने सगळे पत्ते गोळा केले आणि स्वतः पिसायला घेतले.