मामाचा फ्लेक्स

विश्रांतवाडीतला आमचा फ्लेक्सवाला प्रत्येक वाक्य ‘टेन्शन नाय’ने संपवतो. माझा मामा घरातून गेला तो सापडेना, तेव्हा ‘हरवले आहेत’चा फ्लेक्स त्याच्याकडेच टाकला. पठ्ठ्याने तो वाढदिवसाच्या डिझाइनमध्ये छापला! मामामागे डरकाळी फोडणारा वाघ, वर फटाके, शुभेच्छुक म्हणून आम्ही सगळे आणि तळाला ‘दिसल्यास कळवा’. मामीसुद्धा हसून हसून खाली बसली.

“हरवलेल्याचा फ्लेक्स कोण वाचतंय? वाढदिवसाचा सगळे वाचतात. टेन्शन नाय.”

तेव्हापासून मामाच्या दर वाढदिवसाला तो न सांगता नवा फ्लेक्स लावतो. यंदा वाघ तोच, पण मामाचे केस पांढरे.

“हे काय हो?” मी हसतच विचारलं.

“सहा वर्षं झाली. पिकले असतील ना आता.”