दुकान मी बंद दाखवलं होतं

आमच्या नातेवाईकांत अजून बोललं जातं की सुनेच्या व्हिडिओंमुळे आमचं दुकान इंटरनेटवर मागे पडलं. हे खोटं आहे, आणि ते मी पसरवलं.

द्राक्षबागेत फवारणीला लागणारे ब्लोअर आणि नोझल आम्ही विकतो. दुकान जुन्या जागेतून गंगापूर रोडला हलवलं, त्याच सुमारास सुनेने दिंडोरीच्या बागांमध्ये जाऊन व्हिडिओ करायला सुरुवात केली. तुंबलेलं नोझल कसं साफ करायचं, असलं काही. लोक भरभरून बघत होते. घरातली सून कॅमेऱ्यासमोर उभी राहते, हे मला रुचत नव्हतं.

पुढे मोबाईलवर शोधलं तर आमचं नाव पार खाली दिसू लागलं. छाटणी तोंडावर आलेली आणि नवीन गिऱ्हाईक येईना. मी मुलाला सांगितलं, हे त्या व्हिडिओंचंच. आपण टवाळक्या करणारे आहोत, असं त्या गूगलच्या मशीनला वाटलं असणार. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी ठामपणे बोललो आणि मुलाने ऐकलं. सुनेचं दुकानात बसणं बंद झालं.

थोड्याच दिवसांत दिंडोरीच्या एका बागायतदाराचा फोन आला.

"शेठ, दुकान कायमचं बंद केलं ना तुम्ही? मोबाईल तर तसंच सांगतोय. मंग फोन कोण उचलतंय?"

तो हसत होता. गूगलच्या नकाशावर जुना पत्ता दिसतो म्हणून मीच एका दुपारी 'कायमचं बंद' हे बटण दाबलं होतं आणि नव्या पत्त्याची वेगळी नोंद केली होती. नुसता पत्ता बदलायचा असतो, हे सुनेला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. तिला विचारायचं नव्हतं, म्हणून तर मी एकट्याने केलं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांनी लिहिलेले चांगले शेरे त्या जुन्या नोंदीवरच राहिले, आणि शेरे नसलेली नवी नोंद खाली गेली.

तरी मी गप्प राहिलो. मुलाने वेबसाइट करणाऱ्या एका माणसाला घरी बोलावलं. तो म्हणाला, लाइक मिळाले म्हणून गूगल कुणाला थेट वर नेत नाही आणि व्हिडिओ टाकले म्हणून खालीही ढकलत नाही. उलट व्हिडिओ पाहून लोक दुकानाचं नाव शोधतात, तो फायदाच. मग त्याने लॅपटॉपवरून मान वर केली आणि विचारलं, जुनी नोंद बंद कुणी केली?

मुलाने सुनेकडे पाहिलं. ती चहाचा ट्रे धरून दारात उभी होती. "मी हात लावलेला नाही," ती म्हणाली. तिच्यावर त्याचा विश्वास बसला नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते मला बघवेना.

"मी केलं," मी म्हणालो.

सुनेने ट्रे खाली ठेवला.

"नाना, हे इथे चौघांत सांगून काय उपयोग? माझ्या माहेरपर्यंत गेलंय ते."

दुसऱ्या दिवशी तिने मला काउंटरमागे उभं केलं आणि मोबाईल समोर धरला. दुकान चालू आहे, एवढंच म्हणा, म्हणाली. मी तेवढं म्हणालो आणि मग ते बंद कुणी दाखवलं आणि बोल कुणाला लावला, तेही सांगितलं. आवाज दोनदा अडकला. ते कापून टाक, असं मी म्हणालो.

तिने कापलं नाही.