बाग दुपारी उघडी ठेवण्याबाबत

सासूबाईंच्या पायाला भिंगरी लागली ती ऐंशी उलटल्यावर. विसरायला तर आधीच लागल्या होत्या, पण आता त्यांना बसवेना. सकाळ बरी जायची. अकराच्या सुमाराला उठायच्या, पदर खोचायच्या आणि "मला सभेला जायचंय" म्हणत चालायला लागायच्या. दार, स्वयंपाकघर, गॅलरी, पुन्हा दार. चार वाजेपर्यंत हेच. मी घरी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. माझ्या दुपारच्या बॅचला त्रिकोणमितीपेक्षा सासूबाईंच्या चपलांचा आवाज जास्त पाठ झाला असेल. नवरा ऑफिसात सुखरूप असायचा. चिडायला घरात मी एकटीच उरायचे, आणि ते काम मी मन लावून केलं.

एकदा कडी काढून निघाल्या त्या थेट स्वारगेटला. कोथरूडहून त्या बसने कशा गेल्या ते आजही कोडं आहे. गळ्यातल्या कार्डावरचा नंबर बघून एका कंडक्टरने फोन केला. मी धापा टाकत पोचले, तर या बाकावर बसून शेजारच्या प्रवाशाला नळाच्या पाण्याच्या दाबाबद्दल सुनावत होत्या, आणि तो बिचारा "हो आजी, हो आजी" करत होता. त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप आलं. त्या ते कुलूप हलवत राहायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

उपाय कोपऱ्यावरच होता. आमच्या सोसायटीला लागून पालिकेची बाग आहे. चहूबाजूंनी भिंत, एकच फाटक, फाटकाशी रखवालदार. आत सोडलं की हव्या तेवढ्या फेऱ्या माराव्यात, हरवायची भीती नाही. फक्त ही बाग सकाळी उशिरा बंद व्हायची ती चारला उघडायची. म्हणजे सासूबाईंचे पाय चालू झाले की बाग बंद.

"नियम आहे मॅडम," रखवालदार म्हणाला.

"दुपारी झाडं झोपतात का?" मी विचारलं. त्याने वेळांच्या पाटीकडे बोट दाखवलं, आणि त्याचं बरोबरच होतं.

आमची नगरसेविका तरुण आणि कामाची. तिने अर्ज घेतला आणि प्रभाग समितीपुढे विषय ठेवला. आमच्या भागातले जेमतेम दहा-बारा सभासद, पण थाट सगळा मोठ्या सभेचा. 'बाग दुपारी उघडी ठेवण्याबाबत' असं विषयपत्रिकेवर छापून आलं, तेव्हा मला अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

मला आधीच कळायला हवं होतं, कारण घरातच एक माजी नगरसेविका होती. सासूबाई एकेकाळी निवडून आल्या होत्या, एकाच मुदतीसाठी, पण ती मुदत त्यांच्या बोलण्यातून कधी संपली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा जेवताना त्या आम्हाला शंभर वर्षांपूर्वीच्या नगरपालिकेच्या सभांमध्ये काय चालायचं ते सांगत. रस्त्यावरचे कंदील कोणी पेटवायचे, मोकाट गुरं कुठं कोंडायची, झाडूवाल्याला रजा द्यायची की नाही. मी हसायचे. "यालाच कारभार म्हणतात," त्या म्हणायच्या. "ज्याला हे क्षुल्लक वाटतं त्याने निवडणुकीला उभं राहू नये." आजी किंवा माजी सभासद वारला की उभं राहायचं, ठराव करायचा आणि सभा तहकूब करायची, हेही तेव्हापासूनचंच, असं त्या मोठ्या अभिमानाने सांगायच्या.

पहिली सभा पुरेसे सभासद आले नाहीत म्हणून तहकूब झाली. मी शिकवणी बुडवून गेले होते. घरी येऊन मी भांडी जरा जोरातच घासली.

दुसऱ्या सभेच्या दिवशी सासूबाईंजवळ थांबायला सांगितलेली बाई आली नाही. मग त्यांनाच घेऊन गेले. रिक्षात त्या चारदा उतरायला निघाल्या. सभागृहात मागच्या खुर्च्यांवर बसलो, म्हणजे मी बसले. त्या भिंतीकडेने फिरत होत्या आणि मी त्यांचा पदर धरून होते. एवढ्यात अध्यक्ष उठले. कोणी एक माजी सभासद वारले होते. समोरच्या बहुतेकांनी त्यांना पाहिलंही नसावं. सगळे उभे राहिले.

आणि सासूबाई थांबल्या. हात पुढे जुळवलेले, मान खाली. पाऊल हललं नाही, बोट हललं नाही. कित्येक महिन्यांत मी त्यांना अशा उभ्या पाहिल्या नव्हत्या. मला भरून आलं, आणि त्याच वेळी मी आतून जळत होते, कारण पुढे काय येणार हे मला ठाऊक होतं.

"त्यांना आदरांजली म्हणून आजची सभा तहकूब करण्यात येत आहे."

"अहो, एवढा एक विषय घ्या आणि मग करा की तहकूब," मी उभी राहून म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे."

"मॅडम, आपण प्रेक्षक आहात," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "आणि ही प्रथा आहे."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. आवाज जुना, सभेतला. "खाली बस. माणूस गेलंय. कामं कुठं पळून जातात?"

सभागृहाने कौतुकाने पाहिलं. अध्यक्षांनी त्यांना वाकून नमस्कार केला. ज्यांच्यासाठी विषय होता त्यांनीच तो पुढे ढकलला होता, आणि हे मी कोणाला सांगणार? दुसऱ्याच क्षणी त्या दाराकडे चालू लागल्या आणि मी मागोमाग.

पुढच्या सभेआधी त्यांना ताप आला. तापाने दवाखाना दाखवला. घरी आल्या त्या खुर्चीत बसूनच. पाय ठणठणीत आहेत, पण चालायचं कसं हेच त्या विसरल्या आहेत, असं डॉक्टर म्हणाले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनीही शेवटी हात टेकले. आमचं घर शांत झालं. ज्या आवाजाने माझं डोकं उठायचं, तो यावा म्हणून मी शिकवणीत मधेच थांबायला लागले.

मग नगरसेविकेचा फोन आला. "झाला ठराव, काकू. चर्चासुद्धा नाही झाली. आता आजींना खुशाल फिरवा."

मी आभार मानले. दुसरं काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी त्यांना चाकाच्या खुर्चीतून बागेत नेलं. भर दुपारी फाटक सताड उघडं होतं. धुण्याभांड्याच्या दोन बायका सावलीत डबा खात होत्या, खाणं पोचवणारा एक जण बाकावर हेल्मेट उशाला घेऊन झोपला होता. फेऱ्या मारायची वाट पूर्ण रिकामी होती. मी खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्ट्या वर केल्या, त्यांचे पाय जमिनीवर टेकवले आणि दोन्ही हात पुढे केले.

"अहो आई, चला ना. एकच फेरी."

त्यांनी वाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू ये जाऊन," त्या म्हणाल्या. "मी बसते."