पायांचं काम

विर्जिल स्कुतारू बाकाउच्या फ्लाइंग क्लबात तीस वर्षं मेकॅनिक होता. निवृत्तीनंतर माणसं मासे धरतात, आलुबुखाराची दारू गाळतात; हा एका फुकटच्या विमान-सिम्युलेटरचा कोड सांभाळू लागला. जगभरचे हौशी मिळून तो लिहीत, पण वैमानिकाच्या हातापायांच्या भागात विर्जिलच्या होकाराशिवाय एक ओळ हलत नसे.

त्या भागात एक सोय होती. वळताना शेपटीचं सुकाणू पायांनी सांभाळावं लागतं; घरी संगणकापुढेही त्यासाठी पायाखाली पेडलं असतात. ते काम प्रोग्रामच परस्पर करून टाकी. सोय मुळातच चालू असे, नको त्याने बंद करायची. विर्जिलच्या डोळ्यांत ती खुपायची. आधी त्याने ती मुळात बंद ठेवली, मग मेनूतून काढूनच टाकली. पाय हलवायचे नसतील त्याने विमानात बसूच नये, असं त्याचं मत. मत कसलं, हेका.

यंदाच्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय लाकूड झाला. घरी आल्यावर त्याने पडद्यावरचं विमान उचललं, वळवलं, आणि ते घसरत शेतात गेलं. चार दिवस तेच. बायको आउरिका सुपाचा वाडगा ठेवत म्हणाली, "ती सोय परत घाल की. तुझंच राज्य आहे ना तिथे?"

"आणि लोकांना काय सांगू?"

"सांग, पाय गेला. त्यात कसली रे लाज?"

लाज दुसऱ्याच गोष्टीची होती. सहा वर्षांपूर्वी गलात्सच्या कोर्नेल ऊर्साकीने लिहिलं होतं की आजाराने माझे पाय गेलेत, ती सोय तेवढी राहू द्या. विर्जिलने एका ओळीत कळवलं: कोड सर्वांना खुला आहे, हवं ते स्वतः लिहून घ्या. या मंडळींत हे उत्तर सर्रास देतात, कुणाला उद्धट वाटत नाही. पण कोर्नेल बेकरीतला कामगार. तो कोड कुठून लिहिणार?

विर्जिलने तीन दिवस खपून सोय परत घातली, मुळातच चालू. कोर्नेलला कळवलं आणि जन्मात पहिल्यांदा कुणाची तरी माफी मागितली. आठवड्याने उत्तर आलं.

"विर्जिलभाऊ, आभार. बायकोने लगेच बसवून दिलं. तेव्हा माझे नुसते पाय गेले होते. आता हातही उचलत नाहीत. हे पत्र तीच लिहितेय."