विलायती गाडीचा ताप

देवरावजींची मोटार तापते, कारण ती मुंबईत जोडलेली आहे, असं मी चारचौघांत सांगून टाकलं. ते साफ चूक होतं. शिवाय मला कोणी विचारलंही नव्हतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पुलगावात गुलाबमियांच्या गॅरेजमध्ये मी मेकॅनिक होतो. देवरावजी नाचणगावकडच्या एका जिनिंगचे मालक. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. त्यांचे ट्रक दुरुस्तीला आमच्याकडे येत, आणि आमच्या सगळ्यांच्या चुली त्या ट्रकांवरच पेटत होत्या. नवी काळी मोटारही त्यांनी गुलाबमियांच्या सल्ल्यानेच घेतली होती. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला आणि ही मोटार आर्वीच्या रस्त्यावर दर खेपेला उकळायला लागली.

तेव्हा विलायती कंपनीची मोटार दोन तऱ्हांनी यायची. एक तिकडेच पूर्ण तयार होऊन बोटीवर चढायची. दुसरी सुट्या भागांत, लाकडी पेट्यांत बंद होऊन यायची आणि मुंबईच्या कारखान्यात जोडली जायची. नट तेच, बोल्ट तेच, पत्रा तोच; फक्त पाना फिरवणारे हात वेगळे. देवरावजींची गाडी पेटीतली. तिची सख्खी बहीण गावातच होती, डॉक्टरीणबाईंकडे. बाईंचा दवाखाना स्टेशनाजवळ, पण बाळंतपणं पार देवळीपर्यंतच्या खेड्यांत. त्यांची गाडी मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली, थेट विलायतेत जोडलेली. ती कधीच तापत नसे.

माझ्याकडे आणखी एक पुरावा होता. बाईंच्या गाडीचं दार लावलं की ‘धप्प’ असा भरीव आवाज यायचा. देवरावजींचं दार ‘खण्ण’ वाजायचं. दोन्ही गाड्या गॅरेजात आल्या की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दारं आपटून दाखवायचो आणि सांगायचो, याला म्हणतात जोडणी. मुंबईचा तो कारखाना मी पाहिला नव्हता. विलायत तर मला नकाशावरही सापडली नसती.

काम मात्र मी कसून केलं होतं. इंजिनापुढे रेडिएटर असतो. त्याच्या बारीक नळ्यांतून पाणी फिरतं, नळ्यांच्या मधून वारा जातो, आणि वाऱ्याने पाणी थंड होतं. मी ते पाणी बदललं, नळ्या आतून धुतल्या, रबरी पाइप नवा घातला, पंख्याचा पट्टा ताणला. गाडी तरी उकळली. माझी अक्कल जिथे संपली तिथे मुंबईचा कारखाना सुरू झाला. देवरावजी समोर उभे होते आणि मी म्हणालो, “मालक, मूळ जोडणीतच खोट आहे.”

देवरावजी कमी बोलत. गाडी नागपूरच्या विक्रेत्याला परत करतो, म्हणाले, आणि ज्यांनी ती घ्यायला लावली त्यांच्याकडे यापुढे ट्रकही येणार नाहीत. छत्री उचलून ते निघून गेले.

गुलाबमियांनी विडीचा झुरका पुरा घेतला. मग म्हणाले, “वसंता, ट्रक गेले तं तुले काय मी लोणच्याले ठेवू?”

आता तरी मी गप्प बसायचं. पण मला सावरायची घाई झाली होती. मी जिनिंगवर जाऊन देवरावजींना सुचवलं, आठवडाभर डॉक्टरीणबाईंशी गाड्यांची अदलाबदल करून पाहा. विलायती गाडीत बसलात की फरक कळेल. मग दोष विक्रेत्याचा ठरेल, गुलाबमियांचा नाही. देवरावजी कबूल झाले. डॉक्टरीणबाई कबूल होतील असं वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “माझी चालेल. पण ती बदली गाडी आधी चांगली धुऊन दे. आतबाहेर. आणि पहिल्या दिवशी तू पाण्याची बादली घेऊन मागे बसायचं.”

आमच्या धुणाऱ्याने गाडी हातपंपाच्या पाइपाने अशी धुतली की जणू तिचं लग्न होतं. पुढून, मागून, जाळीतून, खालून. मी सावलीत चहा पीत होतो. खरा इलाज तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चालला होता, आणि मी कपात माशी पडली का ते बघत होतो.

बाईंबरोबर देवळीला गेलो. मांडीवर बादली, डोळे बॉनेटवर. गाडी वाफेचा एक फुसकाराही न टाकता जाऊन आली. उतरताना बाई म्हणाल्या, तुझ्या मुंबईच्या गाडीला बाळंतपणं मानवलेली दिसतात. भरल्या बादलीचं पाणी मी दवाखान्याच्या तुळशीला घातलं. योगायोग म्हणून सोडून दिलं.

आठवडा संपत आला तेव्हा देवरावजींना आर्वीच्या बाजारात कापूस पाहायला जायचं होतं. विजय बघायला मी हौसेने बरोबर निघालो. रस्ताभर मी विलायती कारागिरीवर बोलत होतो. आर्वी अजून लांब होती, तेवढ्यात बॉनेटखालून शिट्टी वाजली आणि वाफेचा लोट काचेवर आला.

आम्ही खाली उतरलो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेतं, कापूस वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून बघू लागलेल्या. देवरावजींनी गाडीला शांतपणे एक फेरी घातली.

“हे कोठची म्हणे?”

“विलायतेची.”

“मंग हिले काऊन ताप आला?”

मी बॉनेट उघडलं. वाफ निवल्यावर पुढच्या शोभेच्या जाळीमागे हात घातला. रेडिएटर हाताला कडक लागायला हवा होता, तो मऊ लागला. ओढलं तर हातात एक मळकट, तेलकट पट्टा आला, उशीतून काढल्यासारखा. रुई होती. वाऱ्याच्या सगळ्या वाटा तिने बुजवल्या होत्या.

मग उजेड पडला. जिनिंगवर ट्रक फाटकाबाहेर उभे राहत. मालकांची मोटार मात्र मानाने आत, यंत्रघराच्या भिंतीच्या सावलीत. हंगामात त्या भिंतीच्या झरोक्यांतून रुईचे तंतू दिवसभर उडत. मालक आले की इंजिन तिथेच सुरू व्हायचं आणि पंखा तंतू ओढून घ्यायचा. आपल्याला कोणत्या देशात बसवलंय हे पंख्याला ठाऊक नव्हतं. मुंबईच्या गाडीतली रुई धुण्यात वाहून गेली आणि ती बरी झाली. विलायती गाडी त्या भिंतीशी आठवडाभर राहिली आणि आजारी पडली. मी रेडिएटर आतून धुतला, बाहेरून कधी वाकून पाहिलाच नाही.

देवरावजींची गाडी विक्रेत्याकडे परत गेली नाही. ट्रकही गेले नाहीत. मालकांच्या मोटारीसाठी फाटकाजवळ पत्र्याची शेड झाली आणि दर आठवड्याला जाळी झाडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, फुकट.

राहिलं दार. बाईंची गाडी परत देण्याआधी मला राहवेना. मी ‘धप्प’ वाजणाऱ्या दाराचं आतलं आवरण काढलं. तळाशी पाणी जायची भोकं बुजली होती आणि घमेलंभर काळी माती थरावर थर बसली होती. ती उपसून दार लावलं. खण्ण. अगदी मुंबईसारखं. ज्याला मी विलायती जोडणी म्हणत होतो ती देवळीच्या रस्त्यांची धूळ होती.

तेव्हापासून गाडी आली की ती कुठे जोडली हे मी विचारत नाही. कुठे उभी राहते ते विचारतो. यामुळे माझी बरीच मेहनत वाचली आहे.

हे ज्ञान मी दारातली माती उपसली त्याच संध्याकाळी देवरावजींना ऐकवायला गेलो. त्यांच्या हातात तोच रुईचा पट्टा होता; चिमटीत धरून ते धागा किती लांब निघतो ते पाहत होते. माझं सगळं बोलणं होईपर्यंत थांबले.

“गाडीतून निदान रुई तं निंगाली,” ते म्हणाले. “तुह्या डोक्यातून सरकीबी नाई निंगाची.”