पोस्टरवरचं ‘आपण’

मॉली घोन्साल्विस चिडली की तिचं नाक लाल होतं, आणि त्या गुरुवारी ते सकाळपासून लाल होतं.

मॉली वसईची. अबू धाबीतल्या एका फ्रेंच भाषेतल्या विद्यापीठाच्या लायब्ररीत ती नोकरीला लागली, तेव्हा तिला फ्रेंचचा गंध नव्हता. चुका करत, स्वतःचं हसं करून घेत ती शिकली. पुढे लायब्ररीच्या कोपऱ्यात तिने गुरुवारची बैठक सुरू केली. ज्याने जे संशोधन केलं ते त्याने सगळ्यांपुढे उघडं मांडायचं, फसलेले प्रयोगसुद्धा, आणि जमेल त्या भाषेत. प्रोफेसर यायचे, विद्यार्थी यायचे, लॅबमधल्या मुली यायच्या. चहा आणि खजूर मॉलीचे.

बैठक नावारूपाला आली आणि वरच्यांचं तिकडे लक्ष गेलं. नव्या डायरेक्टरबाईंनी तिचं बारसं केलं: ‘सर्वसमावेशक मुक्त विज्ञान समुदाय’. समितीत सगळे प्राध्यापक. भाषा फक्त फ्रेंच. लॅबमधली पुण्याची वैभवी समुद्राच्या पाण्यावरचे आपले प्रयोग पहिल्यांदाच मांडणार होती, त्यासाठी झटत होती. तिला निरोप आला, आधी फ्रेंच शिका, मग या. सर्वसमावेशक म्हणे! लाज कशी वाटत नाही या लोकांना?

“मॉलीताई, जाऊ दे ना,” वैभवी रडवेली होऊन म्हणाली. “प्रेझेंटेशन कॅन्सल, खलास.”

“खलास काय खलास? बैठक कोणाची, आणि कॅन्सल कोण करतंय?”

उद्घाटनाच्या पोस्टरवर एकच वाक्य दहाबारा भाषांत छापलं होतं. मराठी ओळ मॉलीने आधीच लिहून दिली होती: ‘आपण विज्ञान सर्वांसाठी खुलं करतो.’ वैभवीचं ऐकून ती तडक हॉलमध्ये गेली आणि त्या ओळीतल्या पहिल्या शब्दावर तिने कागदाची पट्टी चिकटवली.

कार्यक्रमात डायरेक्टरबाईंनी तिला कौतुकाने पुढे बोलावलं आणि ओळ वाचायला सांगितली. वैभवी दाराशी उभी होती.

“आम्ही विज्ञान सर्वांसाठी खुलं करतो,” मॉलीने वाचलं. मग फ्रेंचमध्ये म्हणाली, “तुमच्या ओळीतल्या पहिल्या शब्दाला, ‘नू’ला, मराठीत दोन शब्द आहेत. समोरच्याला धरून बोलायचं तर ‘आपण’. त्याला वगळून बोलायचं तर ‘आम्ही’. मी चुकून ‘आपण’ लिहिलं होतं. आज सकाळी दुरुस्त केलं.”

टाळ्या पडल्या. “किती समृद्ध भाषा!” डायरेक्टरबाई म्हणाल्या. “हे वेबसाइटवर घालू या.”

मॉलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोबाडीत मारावी आणि समोरच्याने छान म्हणावं, तसं झालं. तिने टेबलावरचा आपला चहाचा थर्मास उचलला, खजुरांचा डबा काखेत मारला आणि भरल्या हॉलमधून दाराकडे चालू लागली.

“वैभवी, यल्ला. कॅन्टीनमध्ये चल, तुझं प्रेझेंटेशन आहे.”

“पण ऐकणार कोण, मॉलीताई?”

“आपण,” मॉली म्हणाली आणि तिने दार ढकललं.